जळालेल्या पायवाटेची किंमत कशी काढायची?

पीएचडी प्रवेशाची तयारी करणाऱ्यांचे प्रस्ताव वाचताना एक वाक्य हमखास भेटतं. "या विषयावर परदेशात भरपूर काम झालं आहे, भारतात मात्र झालेलं नाही, म्हणून प्रस्तुत संशोधन आवश्यक आहे." वाक्य खोटं नसतं, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. परदेशात वापरलेली पद्धत आपल्याकडे चालेल का, हा खरा प्रश्न. तो न विचारता पद्धत उचलली की आकडे निघतात, तक्ते भरतात, प्रबंधही होतो. फक्त त्या आकड्यांचा इथल्या जंगलाशी संबंध राहत नाही.

आज त्याचंच एक उदाहरण घेऊ. प्रश्न असा: वणव्यामुळे जंगलातल्या वाटांचं आणि पर्यटकांसाठी केलेल्या सोयींचं किती नुकसान होतं, ते मोजायचं कसं? जागा बल्लारपूर आणि भोवतालची चंद्रपूर-गडचिरोलीची जंगलं. वाचायला एक शोधनिबंध आणि एक अहवाल. दोन्ही चांगले आहेत. म्हणूनच त्यांच्यावर टीका करण्यात अर्थ आहे. वाईट निबंधावर टीका करून हाताला काही लागत नाही.

आधी हा प्रश्न इथे का?

बल्लारशाहच्या लाकूड डेपोत सागाला घनमीटरवर बोली लागते. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान इथूनच गेलं. म्हणजे उभ्या झाडाचं लाकूड झालं की त्याची किंमत रुपयापर्यंत सांगता येते. पण त्याच झाडाच्या सावलीतून जाणाऱ्या वाटेची बोली कुणी लावत नाही. वणवा लागला की नोंदीत काय येतं? जळालेलं क्षेत्र हेक्टरमध्ये आणि नुकसान रुपयांत. आपल्याकडची आग बहुतेक जमिनीलगत सरकते, पालापाचोळा खाते, मोठं झाड उभंच राहतं. मग नुकसानीच्या रकान्यात किरकोळ रक्कम पडते किंवा काहीच पडत नाही.

दुसरीकडे गेल्या काही वर्षांत या जंगलात पर्यटनाच्या सोयी वाढल्या. ताडोबाच्या बफरमधले दरवाजे, मध्य चांदा वनविभागातली कारवा सफारी, विसापूरचं वनस्पती उद्यान, गडचिरोलीकडे कमलापूरचा हत्ती कॅम्प. सोयी आल्या की मचाणं, सूचनाफलक, लाकडी पूल, बसायची बाकं, पाणवठ्यापर्यंत नेलेले प्लास्टिकचे पाइप, सौर पंपाच्या वायरी हेही सगळं आलं. यातलं बरंच काही गुडघाभर उंचीच्या आगीतही जातं. सागाचं झाड वाचतं आणि त्याला टेकून बांधलेलं बांबूचं मचाण राख होतं.

शोधनिबंध काय म्हणतो?

जॉन लूमिस, अर्मांडो गोन्झालेझ-कबान आणि जेफ्री एंग्लिन या तिघांचा हा निबंध २००१ चा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या राष्ट्रीय वनांत येणाऱ्या लोकांना त्यांनी प्रश्नावली दिली. दोन प्रकारचे लोक: पायी भटकणारे आणि डोंगरात सायकल चालवणारे. आगीनंतर यांच्या फेऱ्या घटतात का, आणि प्रत्येक फेरीचं मोल बदलतं का, हे त्यांना बघायचं होतं.

पद्धत आहे प्रवासखर्चाची. सोप्या भाषेत सांगायचं तर: जंगलाचं तिकीट स्वस्त असलं तरी तिथे पोचायला माणूस पैसे आणि वेळ घालतो. नागपूरचा माणूस कमी खर्चात येतो, पुण्याचा जास्त खर्चात. जसजसं अंतर वाढतं तसतशा फेऱ्या कमी होतात. या उतारावरून मागणीची रेषा काढायची आणि त्या रेषेखालून उपभोक्त्याचं संतोषाधिक्य मोजायचं. बारावीच्या अर्थशास्त्रात घोकलेला शब्द अखेर इथे कामाला येतो.

निबंधाची मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी दोन प्रकारची माहिती जोडली. माणूस प्रत्यक्षात किती वेळा आला, हे एक. आणि "इथे शेंड्यांपर्यंत पेटलेली आग लागून गेली असती, किंवा मुद्दाम लावलेली नियंत्रित आग असती, किंवा आग लागून वीस वर्षं झाली असती, तर किती वेळा आला असता?" हे दुसरं.

निष्कर्ष गमतीशीर आहेत. शेंड्यांपर्यंत पेटणाऱ्या आगीमुळे पायी भटकणाऱ्यांच्या फेऱ्यांच्या संख्येत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. सायकलवाल्यांच्या फेऱ्या मात्र घटल्या. पायी भटकणाऱ्यांसाठी फेरीमागचं मोल उलट वाढलं, सायकलवाल्यांसाठी घसरलं. म्हणजे एकाच जळालेल्या वाटेची किंमत दोन वापरकर्त्यांसाठी दोन दिशांना गेली. "वणव्याने पर्यटनाचं नुकसान होतं" हे आपण गृहीत धरून बसलेलं वाक्य या निबंधाने मोडलं. कुणाचं नुकसान, हे आधी विचारा, असं तो सांगतो. हे मी त्याच्याकडून घेतलं.

आता हाच निबंध बल्लारपूरला आणून उभा करू.

आक्षेप पहिला: आगच वेगळी आहे

निबंधातला महत्त्वाचा घटक म्हणजे शेंड्यांची आग. तिथली सूचिपर्णी झाडं वरपर्यंत पेटतात, जंगल काळं पडतं आणि कित्येक वर्षं तसं दिसतं. आपलं जंगल शुष्क पानझडीचं. उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो, पेटायला वर पानं नसतातच; सगळं इंधन खाली पडलेलं असतं. मे महिन्यात काळी झालेली जमीन जुलैत हिरवी होते. "वीस वर्षांपूर्वीची आग" हा प्रश्न इथल्या पर्यटकाला विचारला तर तो तुमच्याकडे बघत राहील, कारण अनेक ठिकाणी आग पुन्हा पुन्हा येते.

याचा अर्थ नुकसान नाही असा नाही. ते दुसरीकडे आहे. पाचोळ्याचं पांघरूण गेल्यावर पहिल्या जोरदार पावसात उघडी माती वाहते आणि पायवाटेचाच ओहोळ होतो. वणवा एप्रिलचा, वाट तुटते जूनअखेर. तुमचं सर्वेक्षण मे महिन्यात संपलं असेल तर हे तुम्हाला दिसणारच नाही.

आक्षेप दुसरा: फेऱ्यांची संख्या मागणी सांगत नाही

प्रवासखर्चाच्या पद्धतीचा पाया हा की माणूस हवा तितक्या वेळा येऊ शकतो. ताडोबाच्या दरवाजातून रोज किती गाड्या सोडायच्या हे ठरलेलं असतं. २०१२ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनाला खुला ठेवता येतो. हंगामात दरवाजे भरलेलेच असतात. समजा आगीमुळे शंभरातल्या वीस जणांनी बेत रद्द केला, तर प्रतीक्षेतले दुसरे वीस जण येतील. नोंदवहीत संख्या तीच. तुम्ही निष्कर्ष काढाल, "वणव्याचा पर्यटनावर परिणाम नाही." खरं तर तुम्ही मागणी मोजलीच नाही, दरवाजाची क्षमता मोजलीत.

याहून मोठी गोची हंगामाची. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. वाघ बघायला लोक कधी येतात? एप्रिल-मे मध्ये, पाणी आटतं आणि वाघ पाणवठ्यावर येतो तेव्हा. महिनावार आकडे घेऊन सरळ सहसंबंध काढलात तर आगी वाढल्या की पर्यटक वाढतात असं उत्तर येईल! हसू नका, असे तक्ते मी पाहिलेत. ऊन हा तिसरा घटक दोन्हीच्या मागे उभा आहे, हे लक्षात ठेवायचं. तुलना करायची तर एकाच महिन्याची वेगवेगळ्या वर्षांत करा, किंवा एकाच आठवड्यात आग लागलेला दरवाजा आणि न लागलेला दरवाजा यांची करा.

आक्षेप तिसरा: पायवाट कुणाची?

माझ्या मते हा सगळ्यात गंभीर आक्षेप. कोलोरॅडोतली वाट भटकंतीसाठी आखलेली आहे. आपल्याकडची पायवाट आधी गावाची असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जाणारी बाई, मे महिन्यात तेंदूपानं तोडायला जाणारं कुटुंब, गुराखी, गस्तीवरचा वनरक्षक, सगळे त्याच वाटेने जातात. पर्यटक तिथे सगळ्यात शेवटी आला.

आता पद्धत काय करते बघा. पुण्याहून आलेल्याचा खर्च मोठा, म्हणून त्याच्या फेरीला मोठं मोल. कारव्यातून किंवा कोठारीतून चालत आलेल्या बाईचा प्रवासखर्च शून्य, म्हणून तिची फेरी जवळजवळ फुकट. गणित चुकलेलं नाही. पण हे गणित मनोरंजनासाठी केलेलं आहे, आणि तिची फेरी मनोरंजन नाही, रोजी आहे. तिच्यासाठी वाट बंद राहण्याची किंमत वेचता न आलेल्या मोहफुलांत मोजावी लागेल. दोन मोजपट्ट्या दोन रकान्यांत ठेवा. बेरीज करायची घाई करू नका.

आता अहवालाकडे

पर्यावरण मंत्रालय आणि जागतिक बँकेचा भारतातल्या वणवा व्यवस्थापनावरचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यातला आकडा तुम्ही ऐकला असेल: वणव्यांमुळे देशाचं वर्षाला किमान १,१०१ कोटी रुपयांचं नुकसान. हा अंदाज हात राखून केलेला आहे, आणि राज्यांच्या नोंदींत नुकसानीची पूर्ण किंमत उतरत नाही, हे अहवाल स्वतःच सांगतो. सरकारी कागदात ही कबुली मिळणं ही चांगली गोष्ट.

माझी तक्रार अहवालापेक्षा त्याच्या वापराबद्दल आहे. प्रस्तावांत हा आकडा पहिल्या परिच्छेदात येतो आणि पाचव्या परिच्छेदात त्याला देशाच्या वनक्षेत्राने भागून जिल्ह्याच्या वनक्षेत्राने गुणलेलं असतं. झालं, गडचिरोलीचं नुकसान तयार! पण जिल्ह्यात जंगल जास्त म्हणजे हेक्टरी नुकसानही सरासरीइतकंच, हे कुणी सांगितलं? देशाची सरासरी खाली एका वाटेपर्यंत झिरपत नाही. "किमान" म्हणून दिलेला आकडा भागाकार-गुणाकार करून "अंदाजे" म्हणून वापरणं ही तर दुसरी चूक.

उपग्रहाची भूल, आणि माझी चूक

इथे एक कबुली. पहिल्या वर्षी मीही बल्लारपूर परिसराचे उपग्रहाचे अग्निबिंदू उतरवून घेतले आणि नकाशावर टाकले. नकाशा भरगच्च दिसत होता. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला: "हे ठिपके पावसाळ्यातही तिथेच का आहेत?"

उत्तर लाजिरवाणं होतं. उपग्रह आग बघत नाही, उष्णता बघतो. चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र, कोळसा खाणी, सिमेंटच्या भट्ट्या आणि आमचे इतर कारखाने यांतल्या कशाचीही धग ठिपका उमटवू शकते. नासाच्या व्हीआयआरएस उपग्रहयंत्राच्या संग्रहित नोंदींत प्रत्येक बिंदूचा प्रकार दिलेला असतो. जमिनीवरचा कायमचा उष्ण स्रोत वेगळा दाखवलेला असतो. तो रकाना मी वाचलाच नव्हता.

तिथेही गोष्ट संपत नाही. त्या यंत्राचा एक ठिपका म्हणजे साधारण ३७५ मीटरचा चौकोन, सुमारे १४ हेक्टर. जुन्या मोडिसचा तर एक किलोमीटरचा. पायवाट दोन-तीन मीटर रुंद. ठिपका वाटेवर पडला म्हणून वाट जळाली असं होत नाही, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये लागून विझलेली आग उपग्रहाला कळतही नाही.

मग जळालेल्या खुणा सेंटिनेल-२ च्या प्रतिमांवरून काढाव्यात म्हटलं तर पानगळ आडवी येते. आगीआधीच्या आणि नंतरच्या प्रतिमेतला फरक हे आगीचं माप धरलं जातं, पण सागाच्या जंगलात फेब्रुवारी आणि एप्रिलच्या प्रतिमांत आग न लागताही फरक असतोच, कारण पानं गळलेली असतात. उपाय असा: त्याच तारखेच्या आसपासची मागच्या वर्षांची प्रतिमा शेजारी ठेवा. आणि शेवटी पायात बूट घालून जा. पन्नास बिंदूंवर चालून आलात तर पाचशे बिंदूंबद्दल नीट बोलता येईल.

बंद राहिलेले दिवस

नुकसान मोजायचा आणखी एक मार्ग आहे. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात २ सप्टेंबर २०१७ रोजी एका पंधरा वर्षांच्या मुलाने फटाका फेकला आणि ईगल क्रीकच्या दरीत वणवा पेटला. सुमारे दीडशे भटके वाटेवर अडकले. जवळपास ४८,००० एकरांवर आग पसरली. ती विझली, पण तिथली प्रसिद्ध पायवाट उघडायला २०२१ चा जानेवारी उजाडला. तीन वर्षांहून जास्त काळ. कारण आग संपल्यावर खरं काम सुरू झालं: जळलेली झाडं पडत होती, मोकळे झालेले उतार घसरत होते. तिथे नुकसान कळतं ते वाट किती दिवस बंद राहिली यावरून.

ही मोजपट्टी मला आपल्यासाठी जास्त उपयोगी वाटते. मचाणाचा बांबू काही हजारांत येईल. पण वाट पंधरा दिवस बंद राहिली तर स्थानिक मार्गदर्शक आणि जिप्सीचालक यांचे पंधरा दिवस हंगामातले गेले, आणि हंगाम फार मोठा नसतो.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. त्या मुलावर न्यायालयाने २०१८ मध्ये सुमारे ३ कोटी ६६ लाख डॉलरची भरपाई बसवली. आकडा काढला की तो कुणाच्या तरी नावावर पडतो. आपल्याकडे १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ आहे. राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावली जाते, हे खरं आहे. त्याचबरोबर फेकलेली विडी असते, इतर कारणंही असतात. उद्या तुमच्या प्रबंधात "एका वणव्यात पर्यटनाचं नुकसान अमुक लाख" असा आकडा आला, तर तो आधी टोपलीवालीच्या दारात जाऊन उभा राहणार आहे. म्हणून कारण सिद्ध न करता नुकसान मोजणारा अभ्यास मला धोक्याचा वाटतो.

गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव इथे आठवावं. २०१२ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गावाने स्वतः ठरवलं की तेंदूपानं तोडायची नाहीत, कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लावल्या जातात. उत्पन्नाचा एक मार्ग गावाने आपण होऊन सोडला. कुठल्याही मागणीच्या रेषेत हा निर्णय बसत नाही. पण वाटा जळू नयेत असं वाटत असेल तर आधी जंगल कुणाचं हा प्रश्न येतो, हे पाचगाव सांगतं.

माणसांचा रकाना

८ एप्रिल २०२१ ला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला. "वाटांचं नुकसान" लिहिताना मला ही तारीख विसरता येत नाही. कारण जंगलातला रस्ता म्हणजे फक्त पर्यटकाची सोय नसते. जिप्सी जाते तोच रस्ता आग अडवतो, जाळरेषेचं काम करतो, विझवणाऱ्यांना आत नेतो आणि वारा फिरला की बाहेर काढतो. पडलेल्या झाडाने किंवा वाहून गेलेल्या मोरीने तो बंद झाला तर पुढच्या आगीत त्याची किंमत कुणी तरी चुकवतं. लूमिस यांच्या निबंधात या वापराला जागा नाही, अहवालाच्या सरासरीतही तो दिसत नाही.

मग करायचं काय?

माझ्या प्रस्तावात आता पाच गोष्टी आहेत. वापरा, सुधारा, मोडूनही बघा.

१. १५ फेब्रुवारीआधी निवडलेल्या वाटांवरची प्रत्येक सोय नोंदवायची: काय आहे, कशाची आहे, कोणत्या अवस्थेत आहे. आधीची नोंद नसेल तर नंतरचं नुकसान म्हणजे नुसती ऐकीव गोष्ट.

२. पाहणी दोनदा: आगीनंतर लगेच आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर.

३. बंद राहिलेले दिवस मोजायचे, आणि वापरकर्त्यानुसार वेगळे: पर्यटक, मार्गदर्शक व चालक, वेचणारे, गस्तीवाले.

४. पर्यटकांना विचारायचंच, पण फेऱ्यांची संख्या नव्हे. आग लागल्याचं कळलं असतं तर दुसरा दरवाजा निवडला असता का, हे.

५. न जळालेल्या वाटाही त्याच वहीत ठेवायच्या. तुलना नसेल तर प्रबंध नाही.

यावरही टीका होऊ शकते, आणि ती मीच करतो. सोयी मोजायला लागलं की जिथे बांधकाम जास्त तिथे नुकसान जास्त दिसतं. त्यातून "न जळणारं बांधा" असा सल्ला निघेल आणि बांबूच्या जागी सिमेंट येईल. याउलट गडचिरोलीतलं 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' घ्या. २०१४ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झालेला जुन्या, उंच सागांचा हा छोटा तुकडा. तिथे बघायचं ते झाडच. उद्या तिथे आग शिरली तर माझ्या वहीत फलक आणि कुंपण एवढंच नुकसान दिसेल. म्हणजे माझी पद्धत तिथे तोंडावर पडते, आणि जिच्यावर मी इतका वेळ टीका केली ती लूमिस यांची पद्धत निदान प्रश्न तरी बरोबर विचारते: इथे चालणाऱ्या माणसाला या जागेचं मोल किती?

टीका करायची ती यासाठी. निबंध मोडीत काढणं सोपं आहे. तो कुठे चालत नाही हे सांगितल्यावर, कुठे त्याच्याशिवाय आपलं चालत नाही हेही सांगता आलं पाहिजे. प्रस्तावातलं "भारतात काम झालेलं नाही" हे वाक्य खोडा आणि त्याजागी लिहा: ही पद्धत माझ्या जंगलात अमुक ठिकाणी मोडते, आणि तिथून माझं काम सुरू होतं. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथूनच येईल, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल.